पेशी वाढली की पेशी वाढल्या?

‘काय, पेशी वाढतायत का?’ आमच्या लॅबमध्ये सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की मागून कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. पहिली दोन वर्षं मीही ‘हो, मस्त वाढतायत’ असं उत्तर देत आले. त्या ‘वाढतायत’चा नेमका अर्थ काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. त्यात माझे चार महिने गेले. तुमच्यापैकी जे आत्ता नेटची तयारी करतायत किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात पेशी हाताळायला शिकतायत, त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हा लेख.

झालं असं. कर्करोगाच्या पेशींवर एका संयुगाचा काही परिणाम होतो का, हे मला पाहायचं होतं. ९६ वेलची प्लेट घेतली (वेल म्हणजे त्यातले छोटे खळगे), प्रत्येक वेलमध्ये ५,००० पेशी टाकल्या, पेशी तळाला चिकटल्यावर संयुग घातलं आणि ४८ तासांनी एमटीटी चाचणी केली. एमटीटी हा पिवळा क्षार असतो. जिवंत पेशीतली एन्झाइम्स त्याचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात. मग प्लेट रीडरवर ५७० नॅनोमीटरला तो जांभळा रंग मोजायचा. रंग जास्त म्हणजे पेशी जास्त, असं आपण धरून चालतो.

कंट्रोलच्या तुलनेत माझं रीडिंग ७० टक्क्यांच्या आसपास आलं. प्रयोग तीनदा केला, तीनदा तेवढंच. मी वहीत लिहिलं, ‘परिणाम किरकोळ’. प्रगती अहवालातही तेच गेलं. संयुगाची बाटली फ्रीजरमध्ये मागच्या रांगेत गेली.

चार महिन्यांनी एका ज्युनिअरला ही चाचणी शिकवायची होती, म्हणून सरावासाठी तेच संयुग बाहेर काढलं. एमटीटी घालण्याआधी तिने सहज प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली आणि विचारलं, ‘ताई, या वेलमध्ये पेशी इतक्या कमी का? आणि एवढ्या मोठ्या का?’

त्या प्रश्नाचं उत्तर कळायला आधी प्राण्यांच्या पेशी वाढतात कशा आणि विभागतात कशा, हे नीट पाहावं लागेल.

एक शब्द, दोन कामं

इंग्रजीतला ‘ग्रोथ’ असो की मराठीतली ‘वाढ’, दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. एक पेशी आकाराने, वस्तुमानाने मोठी होते, ही पेशीची वाढ. एका पेशीच्या दोन होतात, हे विभाजन.

पोळ्यांची कणीक डोळ्यांसमोर आणा. पीठ-पाणी घालून आणखी कणीक मळणं म्हणजे वाढ. कणकेचे गोळे करणं म्हणजे विभाजन. कणीक न वाढवता नुसते गोळे पाडत गेलात तर प्रत्येक वेळी गोळे लहान होत जाणार. गोळे न करता कणीकच वाढवत राहिलात तर परातीत एकच भलामोठा गोळा. दर वेळी सारख्या आकाराचे गोळे हवे असतील तर दोन्ही कामांचा मेळ बसायला हवा. लॅबमधल्या पेशींमध्ये हा मेळ बहुतेक वेळा बसलेला असतो, म्हणूनच ही दोन कामं वेगळी आहेत हे आपण विसरतो.

निसर्गात मात्र दोन्ही टोकं दिसतात. झेनोपस या आफ्रिकन बेडकाचं अंडं एक मिलिमीटरपेक्षा थोडं मोठं असतं. फलनानंतर साधारण ९० मिनिटांनी त्याचं पहिलं विभाजन होतं आणि नंतर जवळजवळ दर अर्ध्या तासाला एक. बारा विभाजनांत एका पेशीच्या ४,०९६ पेशी होतात, पण गर्भ होता तेवढाच राहतो. नुसते गोळे! त्याआधी बेडकीच्या अंडाशयात तेच अंडं विभाजन न होता महिनोन्‌महिने फुगत गेलेलं असतं. नुसती कणीक! आपल्या पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर असतो. उंची वाढते तसा तोही लांबत जातो, पण ती पेशी काही विभागत नाही.

वाढीला अन्न हवं आणि परवानगीही

यीस्टला साखर मिळाली की ते वाढायला लागतं. प्राण्याच्या पेशीला अन्न पुरत नाही. तिला शरीरातल्या इतर पेशींकडून ‘आता वाढ’ असा निरोप यावा लागतो. हे निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर्स. आपण माध्यमात १० टक्के सीरम घालतो ते मुख्यतः यासाठीच. सीरममधला एक महत्त्वाचा घटक, पीडीजीएफ, रक्त गोठताना प्लेटलेट्समधून बाहेर पडतो. यामागचं कारण सोपं आहे. जखम झाली की तिथल्या पेशींनी कामाला लागायला हवं.

बाहेरचा निरोप आणि आतला अन्नसाठा या दोन्हींचा हिशेब ठेवणारं एक प्रथिन पेशीत असतं, एमटॉर. अमिनो आम्लं आहेत, ऊर्जा आहे, निरोप आला आहे, असं सगळं जुळलं की एमटॉर प्रथिनं आणि रायबोसोम बनवण्याचा वेग वाढवतं. त्याचं नाव आलं रापामायसिन या औषधावरून. १९६४ मध्ये ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर, गेलेल्या एका मोहिमेने आणलेल्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं. १९७५ मध्ये ते प्रसिद्ध करणाऱ्या मॉन्ट्रियलच्या गटात बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेन सेहगल होते. रापामायसिन दिलेल्या पेशी आकाराने लहान राहतात. वाढीला स्वतःचं वेगळं बटण आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा?

विभाजनाचं वेळापत्रक

१९५० पर्यंत पेशीविभाजन म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये दिसणारा तो एक तास. गुणसूत्रं दिसायला लागतात, मधोमध रांगेत येतात, दोन बाजूंना खेचली जातात, आणि मग ॲक्टिन-मायोसिनचं कडं आवळत जाऊन पेशीचे दोन भाग होतात. उरलेल्या वेळात पेशी ‘आराम करते’ असा समज होता.

१९५३ मध्ये लंडनमध्ये ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीच्या एका शेंगवर्गीय रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि तो डीएनएमध्ये कधी शिरतो हे फोटोग्राफिक फिल्मवर टिपलं. डीएनएची नक्कल त्या ‘आरामाच्या’ काळात, तीही त्यातल्या एका ठरावीक भागातच होते, असं दिसलं. त्या भागाला ‘एस’ म्हणतात, विभाजनाला ‘एम’, आणि मधल्या दोन मोकळ्या जागांना जी-१ आणि जी-२. यातला ‘जी’ हा ‘गॅप’चा. प्रयोग वनस्पतीवर झाला, पण प्राण्यांच्या पेशींतही हाच क्रम निघाला. भराभर विभागणाऱ्या मानवी पेशीला चक्र पूर्ण करायला साधारण २४ तास लागतात. जी-१ सुमारे ११ तास, एस ८, जी-२ ४ आणि एम जेमतेम १. नेटच्या पुस्तकात हे चित्र तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. त्यात एक गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून ठेवा: गॅप म्हणजे रिकामा वेळ नव्हे. जी-१, एस आणि जी-२ या तिन्ही काळांत कणीक मळली जातच असते.

मग पुढच्या टप्प्यात जायचं हे पेशीला कोण सांगतं? १९७० मध्ये मूळचे भारतीय असलेले पोटू राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतल्या हीला पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या. एस आणि जी-१ मधल्या पेशी जोडल्या, तर जी-१ च्या केंद्रकाने वेळेआधीच डीएनएची नक्कल सुरू केली. एस आणि जी-२ जोडल्या, तर जी-२ च्या केंद्रकाने दुसऱ्यांदा नक्कल केली नाही. एम मधल्या पेशीला कुठलीही पेशी जोडली, तर तिची गुणसूत्रं तयारी नसतानाही आवळली गेली. म्हणजे टप्पा ठरवणारं काहीतरी पेशीद्रव्यात तरंगत होतं.

ते ‘काहीतरी’ पुढच्या १५-२० वर्षांत सापडलं. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी दोन प्रकारच्या यीस्टमध्ये चक्र चालवणारी जनुकं शोधली. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट यांना सी अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं व्हायचं. ते सायक्लिन. सायक्लिन ज्या एन्झाइमला चालू करतं ते सीडीके. १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की यीस्टचं बिघडलेलं हे जनुक मानवी जनुकाने भरून काढता येतं. या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

एक दार, जिथून मागे फिरता येत नाही

आता माझ्या प्लेटशी थेट संबंध असलेला भाग. १९७४ मध्ये आर्थर पार्डी यांनी जी-१ च्या उत्तरार्धात एक जागा दाखवली, रिस्ट्रिक्शन पॉइंट. त्याआधी सीरम काढून घेतलं तर पेशी थांबते आणि विश्रांतीत, म्हणजे जी-० मध्ये जाते. तो ओलांडल्यावर सीरम काढलं तरी पेशी सुरू केलेलं विभाजन पूर्ण करते.

या दाराची कडी म्हणजे आरबी नावाचं प्रथिन. एस टप्प्याला लागणारी जनुकं चालू करणाऱ्या ई-२-एफ या प्रथिनाला ते धरून ठेवतं. ग्रोथ फॅक्टरचा निरोप आला की सायक्लिन-डी तयार होतं, ते सीडीके-४ आणि सीडीके-६ ला चालू करतं, आणि ही एन्झाइम्स आरबीवर फॉस्फेट चिकटवून त्याची पकड सैल करतात.

आकार आणि विभाजन यांचा मेळ बसण्याचं एक कारणही इथेच आहे. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने दाखवलं की जी-१ मध्ये पेशी वाढते, पण आरबीचं एकूण प्रमाण फारसं वाढत नाही. आमटीत मीठ तेवढंच ठेवून पाणी वाढवलं की खारटपणा कमी होतो, तसं आरबी विरळ होत जातं आणि कडी सैल पडते. सगळ्या प्रकारच्या पेशींत हेच मुख्य कारण आहे का, यावर अजून वाद आहे.

या दारापलीकडेही तपासणी नाके आहेत. डीएनएला इजा झाली तर पी-५३ चक्र थांबवतं. एम मध्ये ४६ पैकी एकही गुणसूत्र स्पिंडलच्या धाग्यांना नीट जोडलेलं नसेल तर पेशी थांबून राहते. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारी व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं हे धागेच बनू देत नाहीत, म्हणून पेशी त्या नाक्यावर अडकते.

थोडक्यात, न विभागणारी पेशी मेलेलीच असते असं नाही. ती कुठल्या तरी दारात थांबलेली असू शकते. आणि थांबलेली असताना तिची वाढ थांबतेच असंही नाही.

पुन्हा त्या प्लेटकडे

ज्युनिअरच्या त्या प्रश्नानंतर आम्ही पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या, ट्रायपॅन ब्लू घातला आणि हिमोसायटोमीटरवर एकेक मोजल्या. निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशी नगण्य होत्या. पण एकूण संख्या कंट्रोलच्या निम्म्याहूनही कमी होती. फ्लो सायटोमेट्रीत डीएनए मोजला तर बहुतेक पेशी जी-१ मध्ये साचलेल्या. कडी लागलेली होती, पण आत कणीक मळणं चालूच होतं.

मग ७० टक्के आले कुठून? समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. सुरुवातीला ५,००० पेशी, दर २४ तासांनी दुप्पट, म्हणजे ४८ तासांनी कंट्रोलमध्ये २०,०००. संयुग घातलं तेव्हा ज्या पेशी दार ओलांडून गेल्या होत्या त्यांनी एक विभाजन पूर्ण केलं, बाकीच्या थांबल्या. समजा शेवटी ८,००० झाल्या, म्हणजे कंट्रोलच्या ४० टक्के. पण त्या प्रत्येक पेशीचं आकारमान साधारण पावणेदोन पट झालं आणि तिने तेवढाच जास्त जांभळा रंग दिला. ८,००० गुणिले १.७५ म्हणजे १४,००० पेशींएवढा रंग. २०,००० च्या तुलनेत ७० टक्के! एमटीटी खोटं बोलली नव्हती. तिने चयापचय मोजला होता. मी तो संख्या म्हणून वाचला.

हे काही माझ्याच प्लेटपुरतं नाही. सीडीके-४ आणि ६ ला अडवणारं पाल्बोसायक्लिब हे औषध २०१५ पासून अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी वापरलं जातं. तेही पेशींना जी-१ च्या दारात थांबवतं. त्याच्याही बाबतीत एटीपी मोजणाऱ्या चाचण्या परिणाम कमी दाखवतात, कारण थांबलेल्या पेशी मोठ्या होत राहतात. आणि ही वाढ निरुपद्रवी नसते. २०१९ मध्ये अँजेलिका एमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पेशी प्रमाणाबाहेर फुगली तर तिचं पेशीद्रव्य विरळ होतं, कामकाज बिघडतं आणि पेशी कायमच्या थांबण्याकडे झुकते. म्हणजे मी ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवलेला परिणाम हाच कदाचित माझ्या प्रबंधातला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

आता मी काय करते

यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, सवयी लागतात.

१. दिवस शून्यची प्लेट. संयुग घालण्याच्या क्षणी एक वेगळी प्लेट मोजायची. वरच्या उदाहरणात ८,००० हा आकडा कंट्रोलच्या ४० टक्के आहे म्हणून ‘६० टक्के पेशी मेल्या’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण सुरुवात ५,००० पासून होती. पेशी मेल्या नाहीत, उलट थोड्या वाढल्याच. शून्याचा आकडा नसेल तर मारणं आणि थांबवणं यातला फरक कळूच शकत नाही.

२. दुप्पट होण्याचा वेळ स्वतः काढा. तास गुणिले ०.३०१, भागिले (शेवटची संख्या भागिले सुरुवातीची संख्या) याचा लॉग. ५,००० वरून ४८ तासांत २०,००० म्हणजे २४ तास. दर पॅसेजला हा आकडा वहीत लिहा. तो अचानक बदलला तर पेशी, सीरम किंवा तुमचा हात, यातलं काहीतरी बदललंय.

३. कंट्रोल भरू देऊ नका. वेल गच्च भरली की कंट्रोलच्या पेशींचाही वेग मंदावतो. मग चांगलं संयुगसुद्धा निष्प्रभ दिसतं, कारण तुलनाच थांबलेल्या पेशींशी होते.

४. दोन प्रकारची मोजमापं. एक चयापचयाचं, एक प्रत्यक्ष संख्येचं. आणि काहीही घालण्याआधी प्लेट मायक्रोस्कोपखाली बघायचीच. दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं वाचवली होती.

५. संयुग धुऊन बघा. ताजं माध्यम घातल्यावर पेशी पुन्हा विभागायला लागल्या तर त्या विश्रांतीत होत्या. नाही लागल्या तर गोष्ट वेगळी आहे, आणि कदाचित जास्त रंजक.

६. वहीत ‘वाढ’ हा शब्द एकटा लिहू नका. संख्या, आकार, मृत्यू असे तीन रकाने करा.

सुधारलेला अहवाल घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. जुनं वाक्य खोडून नवं लिहिणं म्हणजे चार महिने आपण चुकत होतो हे कागदावर कबूल करणं. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, ‘मग आता प्रश्न सापडला ना? लाग कामाला.’ त्या वर्षीच्या पोस्टरवर ज्युनिअरचं नावही आहे.

पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला कुणी ‘पेशीचक्राचे टप्पे सांगा’ म्हणालं तर तुम्ही सांगालच. पण ‘एमटीटीचं रीडिंग ७० टक्के आलं, तर काय झालं असेल?’ असं विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा: पेशी मोजल्या होत्या का?